आत वळवलेली शिवण

माझ्या मुलाच्या छातीवर दोन व्रण आहेत. उजवीकडचा काखेपर्यंत दोऱ्यासारखा बारीक गेला आहे. डावीकडचा मात्र शेवटी, काखेखाली, बोटभर रुंद झाला आहे. ती रुंदी डॉक्टरांच्या हातची नाही, माझ्या हातची आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि सात आठवडे मी ते घरात कुणालाही सांगितलं नाही. या काळात त्याचा दोष घरातल्या दुसऱ्याच माणसावर गेला आणि मी तो जाऊ दिला.

मी टेलर आहे. मंगळवार पेठेत खाली दुकान, वर घर. माझं मूल जन्मलं तेव्हा आम्ही त्याला मुलगी समजलो आणि पुढची वीस-बावीस वर्षं तसंच समजत राहिलो. आता तो सव्वीस वर्षांचा आहे, पुण्यात एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढतो, आणि त्याची दाढी माझ्यापेक्षा दाट आहे. छाती सपाट करून घ्यायची शस्त्रक्रिया त्यानं पुण्यातच केली. आम्ही हो म्हणेपर्यंत तो चार वर्षं थांबला. मी हो म्हणालो ते समजून कमी आणि भीतीनं जास्त. नाही म्हटलं तर हा पोर आपल्याला न सांगता कुठंतरी करून घेईल आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही, ही ती भीती.

दहाव्या दिवशी आम्ही त्याला गाडीनं कोल्हापूरला आणलं. सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये त्यानं उशी धरली होती. प्रत्येक गतिरोधकाला मी मागं वळून बघायचो. साताऱ्याच्या पुढं तो म्हणाला, "आप्पा, पुढं बघा की. तुमचं तोंड बघूनच दुखायला लागलंय."

दवाखान्यानं दिलेला सूचनांचा कागद बायकोनं कपाटाच्या दाराला चिकटवला. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. जड काही उचलायचं नाही. पाठीवरच झोपायचं. आणि छातीवर दाबाचं जाकीट, अंघोळ सोडून रात्रंदिवस. जखमा पूर्ण भरल्या, डॉक्टर बघून हो म्हणाले, की मग व्रणांवर जेल आणि हलक्या हातानं मालीश. मी तो कागद रोज वाचायचो, दुकान उघडण्याआधी एकदा आणि बंद केल्यावर एकदा.

पहिल्यांदा त्याची पट्टी बदलताना मी बघितलं तेव्हा दाराची चौकट धरली. दोन लांब रेघा, त्यांच्यावर बारीक कागदी चिकटपट्ट्या, आणि वर दोन्हीकडं परत बसवलेल्या स्तनाग्रांचे काळपट, ओलसर दिसणारे गोल. बायको म्हणाली, "अहो, बसा. पडशीला." मी खाटेच्या कडेवर बसलो. आणि तो पोर, ज्याच्या अंगावर हे सगळं होतं, खाली मान घालून स्वतःच्या छातीकडं बघत हसत होता. तसं हसताना मी त्याला शाळेत असल्यापासून बघितलं नव्हतं.

गल्लीत आम्ही गाठ काढली म्हणून सांगितलं होतं. शेजारीण दारात आली.

"गाठ व्हती व्हय? साधी का दुसरी?"

"साधीच," बायको म्हणाली.

"मग हळद लावा की तेलातनं. दवाखान्यातलं मलम काय कामाचं न्हाय."

"लावतोय, लावतोय," बायको म्हणाली आणि दार पुढं केलं. त्या पंधरवड्यात दार किती वेळा वाजलं याचा हिशेब नाही. दर वेळी मनात तेच. कुणी आत शिरेल, कुणी विचारेल, कुणी त्याला जुन्या नावानं हाक मारेल. लग्नसराईचे दिवस. खाली गिऱ्हाईक ब्लाउजासाठी उभं, आणि माझा कान वर.

जाकिटं दोन होती, एक अंगावर आणि एक धुण्यात. कातडीच्या रंगाचं, पुढून हुक आणि चेन, ताणणारं कापड. पहिल्याच दिवशी माझं लक्ष त्यावर गेलं होतं. काखेखाली चुणी पडत होती. सूज उतरत होती तशी चुणी वाढत होती. आणि दुसरी गोष्ट म्हणजे जाकिटाच्या सगळ्या शिवणी बाहेरून होत्या. माझ्या हाताखाली कुणी असं शिवलं असतं, तर मी ते त्याच्या तोंडावर फेकलं असतं. कपड्याची शिवण आत असते. ती बाहेर दिसली म्हणजे कपडा उलटा घातलाय किंवा शिवणारा कच्चा आहे, एवढंच मला पस्तीस वर्षांत माहीत.

माझी नजर त्यानं ओळखली होती. "आप्पा, तुमचा हात शिवशिवतोय. जाकिटाला हात लावायचा न्हाय हां. डॉक्टरांचं हाय ते."

"मी कशाला लावतोय?"

"ब्लाउज न्हवं ते, फिटिंग करायला."

आम्ही दोघंही हसलो.

तिसऱ्या आठवड्यातली दुपार. दुकान एक ते चार बंद असतं. तो जेवून झोपला होता. गच्चीवर दुसरं जाकीट वाळत होतं. मी ते खाली घेऊन आलो. मला कुणी भरीला घातलं नव्हतं. मनात होतं ते एवढंच, की बाकी सगळं डॉक्टर करतायत, आई करतीय, मी फक्त दारात उभा राहून घाबरतोय. या घरात मला एक काम येतं, ते तरी नीट करावं. दोन्ही बाजूंनी काखेखाली अर्धा-अर्धा इंच आत घेतलं. बाजूच्या शिवणी उसवून आत वळवल्या, दुमडून वरून पक्की टीप मारली. इस्त्री फिरवली. जाकीट आता दुकानातल्या मालासारखं दिसत होतं. घडी करून त्याच्या उशाशी ठेवलं.

संध्याकाळी आईनं त्याला ते घातलं. चेन लावताना त्यानं श्वास आत ओढला.

"आज घट्ट लागतंय."

मी दारातच होतो. "धुतल्यावर आटतंय कापड," मी म्हणालो. "घातलं की सैल होतंय."

ही पहिली थाप. तेव्हा ती थाप वाटलीसुद्धा नाही. दोन दिवसांनी सांगू, म्हणू बघ, चुणी गेली का नाही, असं मनात होतं.

दोन दिवसांनी सकाळी बायकोनं मला वरून हाक मारली. असा आवाज मी तिची आई गेली तेव्हा ऐकला होता. मी वर गेलो. जाकीट काढलेलं होतं. डाव्या काखेखाली, रेघेच्या टोकाला, कागदी पट्ट्या सुटल्या होत्या आणि नखाएवढं तोंड उघडलं होतं. आतलं लाल दिसत होतं. भोवती कातडी तापलेली, पिवळट पाणी. आणि त्या तोंडावरून खाली, कंबरेच्या दिशेनं, कातडीत बारीक टिपक्यांची एक सरळ रांग उमटली होती. बायकोला ती दिसली नसेल, दिसली तरी कळली नसेल. मला कळली. ती माझ्या मशीनची टीप होती. माझं मशीन जितके टाके इंचाला घालतं तितकेच टिपके.

त्यानं फोटो काढून पुण्याच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचा फोन आला. त्यांनी विचारलं, काही उचललंस का, हात वर नेलास का. त्यानं आईकडं बघितलं. मग म्हणाला, "परवा फळीवरचा डबा काढला, सर. डाव्या हातानं."

डबा म्हणजे काजूचा डबा. बायकोचं माहेर आजऱ्याचं, काजूच्या पट्ट्यातलं. तिच्या भावानं भाच्यासाठी पाठवले होते, आणि ती दिवसाला मोजून पाच द्यायची. परवा ती दुकानात खाली आली असताना त्यानं सहावा काढला होता.

फोन ठेवला आणि ती त्याच्यावर तुटून पडली. "कागद वाचता येत न्हाय व्हय तुला? एवढा शिकलास! मला हाक मारायला तोंड न्हवतं? एका काजूपायी?" ती रडत होती आणि ओरडत होती. तो खाटेवर बसून म्हणत होता, "चुकलं, आई. चुकलं माझं." मी तिथंच उभा होतो. माझ्या हातात ते जाकीट होतं. मी म्हणालो, "हे धुवायला टाकतो."

खाली दुकानात जाऊन मी शटर अर्धं ओढलं आणि ब्लेडनं माझी टीप उसवली. दोनदा ब्लेड कापडातच शिरणार होतं. शिवण परत बाहेर काढली, जुन्या खुणांवरून शिवली. ताणणाऱ्या कापडात सुईची भोकं राहतात. ती राहिली. मी ती नखानं चोळली, ओल्या फडक्यानं पुसली, इस्त्री केली. तरी ती दिसतच होती. वर माझा मुलगा तापानं फणफणायला लागला होता आणि मी खाली भोकं बुजवत बसलो होतो.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आज कुणा सर्जनला दाखवाच, आणि तो नको म्हणायला लागला. कोल्हापुरात एका दवाखान्यात कंपाउंडरनं भरल्या ओळीत त्याचं जुनं नाव मोठ्यानं पुकारलं होतं, मग त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं होतं. ते चार वर्षांपूर्वीचं. तो म्हणाला, "आप्पा, घरीच करूया ड्रेसिंग. ताप उतरतोय." ताप उतरत नव्हता. मला डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, की विष आत जातंय, आणि ते माझ्या अर्ध्या इंचातून जातंय. मी त्याच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "मी आत येतो तुझ्यासंगं. नाव मी सांगतो."

ओळखीतल्या एकानं सुचवलेल्या डॉक्टरीणबाई. बाहेर बाकावर गर्दी. चिठ्ठीवर नाव मीच घातलं, त्याचं नवं. आम्ही बसलो, आणि समोरून माझंच एक जुनं गिऱ्हाईक, शर्टाला माप द्यायला येणारे एक म्हातारे, मोठ्यानं म्हणाले, "काय टेलर, हितं कुठं?"

"पोराला दाखवायला आणलंय."

"पोरगं बी हाय व्हय तुम्हाला? मला वाटलं एकटी पोरगीच."

सगळा बाक ऐकत होता. शेजारी त्याचं तापलेलं अंग मला लागत होतं, आणि तो जमिनीकडं बघत होता.

"एकच हाय," मी म्हणालो. "ह्योच."

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बापावर गेलाय," ते म्हणाले. "पण तब्येत करा की जरा पावणं, लई वाळलायसा." आणि परत आपल्या गुडघ्याचा फोटो न्याहाळायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी कुठलाही जादा प्रश्न विचारला नाही. जखम धुतली, त्यातलं पाणी तपासायला घेतलं, गोळ्या लिहिल्या. परत टाके घालायचे नाहीत, ती आतून हळूहळू भरू द्यायची, रोज ड्रेसिंग. मग विचारलं, "काय केलंस?"

"काजूचा डबा काढला, मॅडम."

"काजूपायी? बदाम तरी काढायचास." त्या हसल्या. तोही हसला, ताप असून. मग त्यांनी माझ्याकडं हात केला. "जाकीट बघू." मी पिशवीतून काढून दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं. भोकांवरून त्यांचा अंगठा गेला आणि पुढं सरकला. "चांगलं आहे. शिवणी बाहेरून आहेत ना, हे महत्त्वाचं. आत असत्या तर जखमेवर घासल्या असत्या. कधी कधी लोक साधी बनियन घट्ट करून घालतात आणि वाट लावून घेतात. हेच वापरा. डावीकडं फार दाबू नका, एवढंच."

तर शिवण बाहेर होती ती चूक नव्हती. ज्यानं ते शिवलं होतं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी मान डोलावली. "व्हय, व्हय," म्हणालो. तिथं सांगता आलं असतं. डॉक्टरांना तर सांगायलाच हवं होतं, औषधापायी तरी. मी जाकिटाची घडी केली आणि पिशवीत ठेवलं.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. जखम भरायला मात्र तीन आठवडे आणि वर काही दिवस गेले. रोज सकाळी मी त्याला दवाखान्यात न्यायचो. रोज ती लाल खळी बघायचो, कालच्यापेक्षा लहान आहे का ते. घरी आल्यावर बायको काही ना काही बोलायचीच. "उजवी बाजू बघ कशी बसलीय. डावी पण अशीच बसली असती." काजूचा डबा तिनं उचलून शेजारी देऊन टाकला. आणि तो पोर दरवेळी मान खाली घालून म्हणायचा, "व्हय आई." एकदा मी म्हणालो, "आता किती बोलशील त्याला?" ती माझ्यावर उसळली, "तुम्ही त्येला कधी बोलला न्हाईसा, म्हणून असं करतोय!" मी खाली निघून गेलो. आवाज वाढवायचा हक्क मला नव्हता, आणि खरं बोलायची छाती नव्हती. मला वाटायचं, हे कळलं तर हा पोर पुन्हा या घरात आजारी पडायला येणार नाही. आपलं अंग तो पुन्हा आपल्या हाती देणार नाही. चार वर्षं लागली होती त्याला इथं येऊन पडायला.

जखम बंद झाली, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि व्रणांची निगा सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ धुवून, कोरडं करून, जेलचा पातळ थर. मग मालीश. दोन बोटांनी, आधी गोल, मग आडवं, मग उभं. दाब किती, तर बोटाचं नख जरासं पांढरं होईल इतका. ऊन लागू द्यायचं नाही, वर्षभर तरी. त्याला स्वतःला उजवीकडचं जमायचं, पण डावीकडच्या टोकाकडं त्याचा हात जाईना. बघवत नाही म्हणायचा. आई हात लावायला गेली की रडायला लागायची. म्हणून ते माझ्याकडं आलं.

"तुमचा हात हलका हाय आप्पा," तो म्हणाला. "शर्टाची काजं करता म्हणून."

रोज दहा मिनिटं दोनदा मी त्या बोटभर रुंद जागेवर बोट फिरवायचो. गुलाबी, चकचकीत, थोडी वर आलेली. पहिल्या दिवशी मी हात मागं घेतला. वाटलं उघडेल. बोटाखाली ती दोरीसारखी कडक लागायची. एका बाजूला तो फोनवर क्रिकेट बघायचा, मध्येच म्हणायचा, "जरा दाबा की, पळून जात न्हाय मी." मी घामानं भिजायचो.

परवा रविवारी सकाळी तसंच चाललं होतं. सुट्टी संपत आली होती, आठ दिवसांनी तो पुण्याला जाणार होता. त्यानं आरशात वळून काखेखालचं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं.

"हे काय आता बारीक हुयाचं न्हाय," तो म्हणाला. "जाऊ दे. माझंच चुकलं. काजू लई महाग पडले, आप्पा."

तो हे चिडून बोलला असता तरी मला चाललं असतं. तो मला समजावत होता. माझी बोटं त्या जागेवरच थांबली.

"डब्यानं झालं न्हाय ते," मी म्हणालो.

"मग?"

"मी जाकीट आत घेतलं हुतं. अर्धा इंच. तू झोपला हुतास. शिवण आत वळवली. तुझ्या अंगावर टीप उमटल्याली मी बघितली, मग खाली जाऊन उसवली."

त्यानं फोन बाजूला ठेवला. क्रिकेटचा आवाज चालूच होता. तो बंद करायला त्यानं फोन परत उचलला, बंद केला, परत ठेवला. माझ्या बोटांना जेल लागलेलं होतं, ते मी तसंच धरून बसलो.

"मी नको म्हणलो हुतो तुम्हाला."

"म्हणला हुतास."

"आई मला रोज बोलत हुती. तुम्ही हितंच हुतासा."

"हितंच हुतो."

"तिला सांगितलंय?"

"न्हाय."

"मग आधी तिला बोलवा," तो म्हणाला. त्यानं शर्ट घेतला आणि एकेक बटण लावायला लागला. "मला एकट्याला सांगू नका. तिच्यासमोर सांगा."

मी हाक मारली. ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानंच आली आणि दोघांची तोंडं बघून दारातच थांबली. "काय झालं? परत उघडलं?"

"न्हाय," मी म्हणालो. मी आधी तिला सगळं सांगितलं, गच्चीवरून जाकीट काढल्यापासून ते ब्लेडपर्यंत. तिनं पदर तोंडाला लावला. मग मी त्याच्याकडं वळलो. तो खाटेवर, मी समोर स्टुलावर.

"बाळा, काजूच्या डब्यानं काय झालं न्हाय. माझ्यानं झालं. तू नको म्हणला हुतास आणि मी तुला न विचारता केलं. आणि मला कळल्यावर बी तुझ्यावर जाऊ दिलं, दोन म्हैनं, तुला ताप असताना बी. तुझ्या दहावीच्या ड्रेसला छातीला उठाव देणारे टक नकोत म्हणून तू दुकानात रडला हुतास, तवा बी मी ऐकलं न्हवतं. माझं चुकलं. तवा बी, आत्ता बी. मला माफ कर."